पाटी नवी, मग जुना बोजा कुणाचा?

आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे. आणि यात माझे स्वतःचे पैसे अडकलेले आहेत. त्यामुळे "याचं काहीतरी वैयक्तिक आहे" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी ते आत्ताच म्हणून घ्यावं. हो, आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यापुढे अडकणारे पैसे तुमचे असू शकतात.

आमच्या सांगलीत शंभर फुटी रोडवर गेल्या महिन्यात एक भलंमोठं होर्डिंग लागलंय. काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं. एक इंग्रजी शब्द, त्यापुढे 'ग्रुप'. त्या शब्दाचा अर्थ मी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला विचारला, तर तो म्हणाला, "पप्पा, अर्थ नसतो, फील असतो." खाली फ्लॅटचं चित्र, टेरेसवर योगा करणारी बाई, आणि एक ओळ: 'विश्वासाची ३० वर्षं, आता तुमच्या घरासाठी.'

हा ग्रुप कुणाचा, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. परवापर्यंत त्याच ऑफिसवर वेगळी पाटी होती. आडनाव, पुढे 'कन्स्ट्रक्शन', खाली 'शासकीय ठेकेदार'. मी नाव लिहिणार नाही. एक तर उद्या वकिलाची नोटीस येईल. आणि दुसरं म्हणजे हा विषय एका माणसाचा उरलेला नाही. तुमच्या गावातही असं एखादं होर्डिंग लागलं असेल, बघा आठवून. कालपर्यंत मोऱ्या, गटारी, वर्गखोल्या बांधणारी फर्म आज एकदम 'इन्फ्रा', 'रिअॅल्टी', 'लाइफस्पेसेस' झालेली असते.

नाव बदलायला माझी हरकत नाही. माझ्या दुकानाची पाटी मी स्वतः दोनदा बदलली. एकदा जीएसटी आला तेव्हा, २०१७ ला, आणि एकदा पोराच्या हट्टापायी. ठेकेदाराने बिल्डर व्हावं, मोठं व्हावं, त्यालाही हरकत नाही. बँकेला प्रायव्हेट लिमिटेड लागते, भागीदार आला तर हिशेब वेगळा ठेवावा लागतो, हे सगळं कळतं मला. माझा प्रश्न होर्डिंगवरच्या त्या '३० वर्षं' या आकड्यापुरता आहे. ही तीस वर्षं नक्की कुणाची?

आता माझी गोष्ट.

आमचं सिमेंट-स्टीलचं दुकान. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. हे ठेकेदार, त्यांना इथं 'भाऊ' म्हणतो, नव्वदच्या दशकात आमच्याकडे पहिल्यांदा आले ते स्कूटरवरून. नुकतं रजिस्ट्रेशन झालेलं, हातात एका मोरीचं काम, खिशात पैसे नाहीत. अण्णांनी चाळीस पोती उधार दिली. बिल निघालं तसे भाऊ पेढे घेऊन आले आणि पैसे मोजून दिले. पुढची वीस-बावीस वर्षं तसंच चाललं. अंगणवाडी, समाजमंदिर, जिल्हा परिषदेच्या वर्गखोल्या, गावजोड रस्ते. भाऊंचं काम वाढलं तसं आमचं दुकानही वाढलं. खोटं कशाला बोलू?

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. माझं गोडाऊन गावभागाच्या खालच्या अंगाला. पाणी उतरलं तेव्हा आत साडेसहाशे पोत्यांचा दगड झाला होता. तो दगड उपसायला भाऊंनी त्यांचा जेसीबी आणि दोन डंपर पाठवले. डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मी ते विसरलेलो नाही, मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच ही पोस्ट लिहायला मला चार महिने लागले.

तर, पुरानंतर आणि मग कोरोनानंतर बिलं लांबायला लागली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा. भाऊ म्हणायचे, "वरून निधी नाही आला." ते खरंही होतं. २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी आंदोलनाला बसल्या, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. काम पूर्ण होतं, मोजमाप पुस्तिका भरते, बिल पास होतं, आणि पैसे येत नाहीत. त्यात स्पर्धा अशी की टेंडर मिळवायला बिलो जाऊन दर भरायचा. आधीच नफ्याला कात्री, त्यात पैसे दोन वर्षांनी. ठेकेदाराची ही कोंडी खरी आहे आणि ती सरकारने केलेली आहे, हे लिहून ठेवतो.

पण ही कोंडी पुढे कुणावर ढकलली जाते? ठेकेदार दुकानदाराचे थांबवतो. मग सेंटरिंगवाल्याचे, गवंड्यांच्या मुकादमाचे, खडी-मुरूम पुरवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे. मुकादम थांबवतो जतहून आलेल्या जोडप्याचे, ज्यांची पोरं साइटवर वाळूच्या ढिगावर झोपतात. सरकारने न दिलेल्या पैशाचं व्याज शेवटी ते जोडपं भरतं.

माझे भाऊंकडे ६ लाख ८० हजार राहिले. शेवटचा माल ऑक्टोबर २०२३ चा. वर्गखोल्यांचं काम होतं. खोल्या उभ्या राहिल्या, पोरं त्यात बसून शिकताहेत. बिल मात्र माझ्या फाइलमध्ये.

नवं ऑफिस झालं तेव्हा मला उद्घाटनाचं आमंत्रण होतं. गेलो. पूर्वी भाऊंच्या ऑफिसात गेलं की भडंग आणि चहा यायचा. आता काचेच्या ग्लासात काहीतरी निळं होतं आणि काडीला टोचलेलं पनीर. स्टेजवर मोठा पडदा, पडद्यावर फिल्म. आणि त्या फिल्ममध्ये काय दाखवलं? मोऱ्या, रस्ते, वर्गखोल्या. माझ्या स्टीलच्या, माझ्या सिमेंटच्या वर्गखोल्या, ड्रोनने काढलेल्या. मागे तबला आणि भारदस्त आवाज: "तीन दशकांची अखंड परंपरा..."

टाळ्या मी पण वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात बिलांची फाइल घेऊन गेलो. भाऊ मीटिंगमध्ये. पुण्याहून आणलेले एक मॅनेजर भेटले. बोलायला अगदी सभ्य. फाइल चाळून म्हणाले, "सर, ही जुन्या फर्मची बिलं आहेत. ती फर्म बंद झाली. आमची नवीन कंपनी आहे, वेगळी एन्टिटी. यातलं काही आमच्या बुक्समध्ये नाही."

मी म्हणलं, "अहो, पण मागच्या आठवड्यात पडद्यावर त्याच खोल्या दाखवल्या की."

ते हसले. म्हणाले, "ते ब्रँडिंग आहे सर."

त्या वाक्यावर मी चार महिने विचार करतोय. जुन्या फर्मची कामं दाखवली की ते ब्रँडिंग. जुन्या फर्मची बिलं दाखवली की 'वेगळी एन्टिटी'. म्हणजे अनुभव घरात घेतला आणि उधारी उंबऱ्याबाहेर ठेवली.

आपल्याकडे शेतजमिनीचा व्यवहार करताना पहिलं काय बघतात? सातबारा. त्यावर जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा नंबर पडतो, पण नाव पुसलं जात नाही. आणि इतर हक्कात सोसायटीचा, बँकेचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबर येतो. नवा मालक असं नाही म्हणू शकत की विहीर माझी, बांधावरची झाडं माझी, बोजा मात्र जुन्या मालकाचा. अडाणीतला अडाणी शेतकरीही हे मान्य करणार नाही. मग आपण शिकलेली माणसं एका होर्डिंगपुढे हे का मान्य करतो?

अण्णा गेले २००८ ला. त्यांच्या नावावर बँकेचं कॅश क्रेडिट होतं, शिवाय दोन होलसेलरचं देणं. काही लोक म्हणाले, नवीन नावाने दुकान काढ, मोकळा होशील. मी काढलं नाही. सगळ्यात मोठं कारण हे की गिऱ्हाईक अण्णांच्या नावावर येत होतं. त्यांच्या नावाची पत मी वापरणार होतो, मग त्यांचं देणं मी कसं टाळणार? तीन वर्षं लागली फेडायला. यात मी काही थोर केलं नाही. त्या पिढीत व्यापार असाच व्हायचा, एवढंच.

आता खरं सांगायचंय ते. इथपर्यंत नुसता माझा रडगाऱ्हाण्याचा भाग होता.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले. दोन खोल्यांचं जुनं घर, दर मोठ्या पावसाळ्यात पाण्याची धास्ती. आयुष्यभराची पुंजी म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी. एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "अरे, भाऊंच्या नव्या स्कीममध्ये फ्लॅट बघितला. ३८ लाख. तुझं तर त्यांच्याशी जुनं खातं आहे. माणूस कसा आहे सांग. घेऊ का?"

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. बघा तुम्ही."

का म्हणालो? कारण मी खरं बोललो आणि ते भाऊंच्या कानावर गेलं, तर माझे ६ लाख ८० हजार कायमचे बुडाले असते. माझं येणं बुडू नये म्हणून मी काकांना गप्प बसून जाऊ दिलं. ही लाज मला आहे, आणि या पोस्टचं खरं कारण तीच आहे.

दोन आठवड्यांनी काका पावती घेऊन आले. कौतुकाने दाखवायला. ५ लाख भरले होते. 'प्री-लाँच ऑफर', आत्ता भरले तर पार्किंग फुकट. जाड गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरात 'विश्वासाची ३० वर्षं'. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कंपनीचा सीआयएन नंबर.

सीआयएन म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, २१ अक्षरं-आकड्यांचा. कंपनीच्या लेटरहेडवर तो छापावाच लागतो. त्यात मध्येच कंपनी कुठल्या साली स्थापन झाली ते साल असतं. त्या पावतीवर साल होतं २०२४.

एकाच कागदावर वर ३० वर्षं, खाली २०२४. काकांनी वरचं वाचलं होतं. कोर्टात खालचं चालतं.

म्हणून काकांना जे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं ते आज सगळ्यांना सांगतो. मी वकील नाही. पण दुकानदाराला कागद वाचता आले पाहिजेत, तेवढे मला येतात. एका वकील मित्राकडून तपासूनही घेतलंय.

एक. 'प्री-लाँच' नावाचा प्रकार कायद्यात बसत नाही. रेरा कायदा २०१६ चा, आणि आपलं महारेरा १ मे २०१७ पासून सुरू आहे. ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते त्याची नोंदणी होण्याआधी जाहिरात करणं, बुकिंग घेणं, विकणं, यातलं काहीच करता येत नाही. केलं तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड टाकणं सक्तीचं आहे. मी मुद्दाम गाडी थांबवून त्या होर्डिंगखाली उभा राहिलो. योगा करणारी बाई आहे, विमानतळापासूनचं अंतर आहे (विमानतळ अजून व्हायचाय), क्यूआर कोड नाही. नोंदणी क्रमांकही नाही.

दोन. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. आपल्यासारख्या शहरांत कितीतरी बिल्डिंगा याच मापात बसवलेल्या असतात. "रेरा लागत नाही" असं कुणी म्हणालं तर "का लागत नाही ते लिहून द्या" म्हणा. पण चार विंगा आणि क्लब हाउसचं चित्र दाखवणाऱ्याने हे म्हणू नये.

तीन. नोंदवलेला करारनामा केल्याशिवाय बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ३८ लाखांचे १० टक्के म्हणजे ३ लाख ८० हजार. काकांकडून घेतले ५ लाख. करारनामा? "पुढच्या महिन्यात, सध्या फॉरमॅटवर काम चालू आहे."

चार. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीला आणि बांधकामाला वापरता येतात. हा नियम का केला असेल? कारण तोवर काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. नव्या स्कीमच्या बुकिंगमधून जुन्या स्कीमचा खड्डा भरायचा. आता विचार करा. ज्याचे सरकारी बिलांचे कोट्यवधी अडकलेत, ज्याच्याकडे दुकानदारांची, मुकादमांची रांग लागलीय, त्याला आज सगळ्यात स्वस्त पैसा कुठला? बँक व्याज घेते, तारण मागते. काका व्याज घेत नाहीत, तारण मागत नाहीत, वर पेढे देतात.

'लोकल मार्केटमध्ये विस्तार' म्हणतात ना, त्याचा एक अर्थ हाही असतो. सरकार पैसे देईना, म्हणून आता गावाकडून घ्यायचे. सगळेच तसे असतात असं नाही. पण नोंदणी नसताना, करारनामा नसताना जो पैसे घेतो, त्याचा अर्थ मी तरी असाच घेणार.

पाच. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. कायदा चांगला आहे. पण पाच वर्षं ती कंपनी राहणार आहे का? ज्याने एकदा "ती फर्म बंद झाली" म्हणून हात झटकले, तो चौथ्या वर्षी गळणाऱ्या स्लॅबखाली उभा राहून तेच वाक्य म्हणणार नाही, याची खात्री काय? माझं ६ लाख ८० हजारांचं बिल बाजूला ठेवा. मला ते वाक्य ऐकवण्याचा त्यांना सराव झाला, हे तुमच्या दृष्टीने जास्त वाईट आहे.

सहा, खास आपल्या सांगलीकरांसाठी. 'पूरमुक्त लोकेशन' हा शब्द ऐकून भुलू नका. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा आहेत, निळी आणि लाल. गट नंबर घ्या, नकाशावर कुठे येतो बघा. २०१९ ला तिथे पाणी किती होतं ते सेल्सच्या मुलाला विचारू नका, तो तेव्हा शाळेत होता. शेजारच्या वस्तीतल्या म्हातारीला विचारा, ती भिंतीवरची खूण दाखवेल.

आता कायद्यातली पळवाट.

एखाद्या कंपनीने नुसतं नाव बदललं, तर कंपनी कायद्यात एक चांगली तरतूद आहे. पुढची दोन वर्षं पाटीवर आणि लेटरहेडवर नव्या नावाबरोबर जुनं नावही लिहावं लागतं. म्हणजे कायदा करणाऱ्यालाही कळत होतं की नाव बदलून माणसं गायब होतात. पण मालकी फर्म बंद करून नवीच कंपनी काढली, तर ही तरतूद लागू होत नाही. कागदोपत्री ते नवजात बाळ. रेरामध्ये बिल्डरला गेल्या पाच वर्षांतल्या प्रकल्पांची, रखडपट्टीची, कोर्टकज्जांची माहिती द्यावी लागते. पण नव्या कंपनीच्या स्वतःच्या नावावर मागचं काही नसतंच, तर लिहिणार काय? रकाना कोरा. आणि होर्डिंगवर मात्र ३० वर्षं.

माझी मागणी साधी आहे. जो कुणी जाहिरातीत 'इतक्या वर्षांचा अनुभव' लिहील, त्याला तो अनुभव ज्या फर्मच्या नावावर मिळाला तिचं नाव त्याच जाहिरातीत लिहायला लावा. आणि त्या फर्मची रखडलेली कामं, दावे, देणी नव्या कंपनीच्या नोंदणीत जोडायला लावा. ज्याला मागचं काही नको असेल त्याने खुशाल 'स्थापना २०२४' लिहावं. तेही प्रामाणिक आहे. नव्या माणसाला गाव संधी देतंच. आमच्या अण्णांनी नव्या माणसालाच चाळीस पोती दिली होती.

आणि 'ती फर्म बंद झाली' या वाक्याने घाबरलेल्या माझ्यासारख्या दुकानदारांसाठी: मालकी फर्म म्हणजे मालक स्वतः. पाटी उतरवली म्हणून माणूस देण्यातून सुटत नाही. मात्र मालाच्या पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि "देतो हो, पुढच्या महिन्यात" या तोंडी वायद्यावर ती वाढत नाही. दरवर्षी मार्चमध्ये बाकी कबूल केल्याची सही घ्या. मी भिडेपोटी घेतली नाही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा जो कायदा आहे, त्यावर आपण व्यापाऱ्यांनी फार भरवसा ठेवू नये. २०२१ मध्ये आपल्याला उद्यम नोंदणी मिळाली, पण ती प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जापुरती.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "मराठी माणूस मोठा व्हायला लागला की मराठी माणूसच पाय ओढतो. खेकडे साले."

ही खेकड्याची गोष्ट आपण फार वर्षं ऐकतोय आणि फार सोयीने वापरतोय. जरा बुटीत कोण कोण आहे ते बघा. मी मराठी. मुकादम मराठी. कंडक्टर काका मराठी. वर चढणारा एक, आणि त्याच्या पायाखाली आम्ही सगळे. "पाय काढा अंगावरून" म्हणणं म्हणजे पाय ओढणं का? उद्योजक मोठा व्हावा असं मनापासून वाटत असेल, तर त्याला उधारी चुकती करायला सांगा. वेळेवर पैसे आले तर मी मोठा होईन, मुकादम मोठा होईल. तेही मराठी उद्योजकच आहेत.

दुसरी कॉमेंट: "गावातल्या गावात मिटवायचं होतं, फेसबुकवर कशाला?" चार महिने तेच करत होतो. गावातल्या गावात मिटवायचं म्हणजे माझ्यासारख्याने गप्प बसायचं आणि काकांनी पैसे भरायचे, असं निघालं.

शेवटचं भाऊंना. तुम्ही वाचणार हे माहीत आहे, कोणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच.

भाऊ, तुमची ३० वर्षं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. मी ती बघितलीत. स्कूटर बघितलीय, पहिल्या मोरीचे पेढे खाल्लेत, पुरात आलेले डंपर बघितलेत. म्हणून तर राग येतोय. ती ३० वर्षं तुमचीच आहेत, मग पूर्ण घ्या की. वर्गखोल्या घेतल्यात तशी त्या खोल्यांची बिलंही घ्या. एकदम नसतील तर हप्त्याने द्या, मी कधी नाही म्हणलंय? माझ्या आधी मुकादमाचे द्या, त्याच्या पोरीचं लग्न थांबलंय. आणि काकांना एकतर महारेराचा नंबर आणि नोंदवलेला करारनामा द्या, नाहीतर त्यांचे ५ लाख परत द्या. त्यांना दुसरी नोकरी करून ते पुन्हा कमावता येणार नाहीत.

त्या नव्या पाटीखाली एक ओळ लिहा: 'पूर्वीची फर्म अमुक अमुक, तिची सर्व देणी आमची.' ज्या दिवशी ती ओळ लागेल त्या दिवशी पहिला हार घेऊन मी येईन, आणि इथंच ही पोस्ट काढून माफी मागेन.

माझे ६ लाख ८० हजार गेले असं धरूनच हे लिहिलंय. काकांना काल घरी जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हाच सांगायचंस की रे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे कुणी विचारायला आलं, "माणूस कसा आहे, घेऊ का?" तर निदान तुम्ही तरी सांगा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, पण बुकिंगच्या आधी कागद बघा.